सर्च तर सगळेच करतात, पण ते डोक्यात कसं ठेवायचं?

"आजकालची पोरं हुशार आहेत, त्यांच्याकडे गूगल आहे" हे नागपुरात लग्नाच्या पंगतीपासून धरमपेठेतल्या चहाच्या टपरीपर्यंत कुठंही ऐकू येतं, आणि त्याच्या पार उलटंही, की पहिलेची माणसं तोंडी हिशेब करायची, आताच्यांना साधी बेरीज करायलाही मोबाईल काढावा लागतो. दोन्हीत थोडं थोडं खरं आहे पण भांडण तिथंच थांबतं, पुढं काय करायचं ते कोणी सांगत नाही. माझं म्हणणं असं की माहिती हाताशी आली म्हणून कोणी आपोआप हुशार होत नाही, पण तिच्याशी नीट वागलं तर आपल्या आज्या-पणज्यांना जे कधीच मिळालं नाही ते आपल्याला मिळू शकतं. आता नीट वागायचं म्हणजे रोज नेमकं काय करायचं, ते खाली लिहितेय.

पण आधी ते "पिढी हुशार झाली का" एकदा मिटवून टाकू. जेम्स फ्लिन नावाचे न्यूझीलंडमधले अभ्यासक होते, त्यांनी १९८४ साली दाखवून दिलं की अमेरिकेत आयक्यू टेस्टचे मार्क दर दहा वर्षांना साधारण ३ पॉइंटनी वाढत आलेत, आणि मग इतर बऱ्याच देशांतही तसंच दिसलं. म्हणजे त्या टेस्टपुरत्या तरी पिढ्या पुढं गेल्या. पण सालं बघा ना. ही वाढ विसाव्या शतकातली आहे, गूगल आलं १९९८ ला आणि आपल्याकडे स्वस्त डेटा आला २०१६ मध्ये जिओसोबत, म्हणजे वाढ आधीची आणि मोबाईल नंतरचा. शाळा वाढल्या, खाणं सुधारलं, लहानपणचे आजार कमी झाले, डोकं चालवावं लागेल अशी कामं आली, अशी कारणं अभ्यासक देतात. आणि नॉर्वेमध्ये सैन्यभरतीच्या टेस्टचे जुने रेकॉर्ड तपासून २०१८ मध्ये जे छापून आलं ते तर उलटंच, साधारण १९७५ नंतर जन्मलेल्या मुलांचे मार्क उतरत गेलेत, आणि एकाच घरातल्या मोठ्या-लहान भावांमध्येही हा उतार दिसतो, त्यामुळे रक्तातच फरक पडला असं म्हणता येत नाही, आजूबाजूचं काहीतरी बदललं. मोबाईलनेच बिघडवलं असं त्यातून सिद्ध होत नाही हेही खरं. पण नुसती माहिती वाढली की डोकं वाढतं, हे तर नक्कीच सिद्ध होत नाही.

आणि "जुनी माणसंच भारी होती" हेही मला पटत नाही. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे घडाघडा म्हणणारे होते, मान्य, पण त्या शाळेच्या ओट्यावर किती जणांना बसू दिलं जायचं? मुलींना, दलितांना पुस्तकापासून पिढ्यानपिढ्या लांब ठेवलं गेलं. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत धम्माची दीक्षा घेतली त्या शहरात राहून तरी हे विसरू नये. आजही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल बघा, लांबलांबून आलेली माणसं जाताना पिशवीभर पुस्तकं घेऊन जातात. माहिती मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे, ज्यांना नाकारली गेली त्यांना विचारा. म्हणूनच ती आता खिशात आली तर तिचा नुसता टाइमपास होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता कामाचं.

आधी मोजा की खरंच किती समजलंय

एक कागद घ्या आणि कूलर हवा थंड कशी करतो ते लिहा. मोबाईल लांब ठेवा. नागपुरात कूलर बघितला नाही असा माणूस नाही, एप्रिल आला की ताट्या (बाजूच्या गवताच्या जाळ्या) बदलायच्या, पंप चेक करायचा, सगळं येतं आपल्याला, तर लिहायलाही सोपं असायला पाहिजे. आता स्वतःला विचारा: खिडकी किंवा दार थोडं उघडं का ठेवायचं? तोच कूलर, तेच पाणी, पण जुलैमध्ये अंग चिकचिक का होतं? मुंबईत तो एवढा का चालत नाही? टाकीत बर्फ टाकला तर खरंच फार फरक पडतो का? बहुतेकांची गाडी दुसऱ्या प्रश्नाशी अडते.

उत्तर असं आहे की पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती उष्णता ताट्यांतून जाणाऱ्या हवेतून ओढली जाते, म्हणून हवा गार होते. हवा जेवढी कोरडी तेवढी वाफ भराभर. मे महिन्यात आपल्याकडची हवा एकदम कोरडी म्हणून कूलर मस्त चालतो, पावसाळ्यात हवेत आधीच ओलावा भरलेला असतो त्यामुळे वाफ होतच नाही फारशी, आणि खोली बंद ठेवली की तुमच्याच कूलरचा ओलावा आत साचतो. बर्फाचं उत्तर यावरूनच काढा, खरं काम वाफ होण्यानं होतंय, पाणी किती गार आहे त्यानं नाही.

याला प्रयोगांचा आधार आहे. २००२ मध्ये येल विद्यापीठातल्या रोझेनब्लिट आणि काइल या दोघांनी लोकांना विचारलं की कपड्याची चेन, कुलूप, फ्लशचा संडास हे कसं चालतं ते तुम्हाला किती समजतं, लोकांनी स्वतःला बरे मार्क दिले, मग स्टेप बाय स्टेप लिहायला लावलं आणि परत मार्क द्यायला सांगितलं तर ते धाडकन खाली आले. पुढं २०१५ मध्ये काइल यांच्याच टीमनं अजून एक बघितलं, ज्यांना आधी इंटरनेटवर काही प्रश्नांची उत्तरं शोधू दिली ते लोक नंतर भलत्याच विषयांतही "हे मी समजावून सांगू शकेन" असं जास्त म्हणायला लागले. ज्याबद्दल काही शोधलंच नव्हतं त्या विषयांत! मला यातली हीच गोष्ट सगळ्यात धोक्याची वाटते. उत्तर मोबाईलमध्ये असतं आणि वाटतं की आपल्या डोक्यात आहे.

म्हणून आठवड्यातून एकदा तरी हा कागदाचा प्रयोग करा. विषय घरातलाच घ्या, प्रेशर कुकरची शिट्टी, विजेच्या बिलातलं युनिट, इन्व्हर्टर, यूपीआयचं पेमेंट. जिथं पेन थांबतं तिथं तुमचा खरा प्रश्न आहे, आणि सर्च तोच करायचा.

सर्चच्या आधी अंदाज

प्रश्न पडला की लगेच हात खिशाकडे जातो, तिथं फक्त अर्धा मिनिट थांबा आणि आपलं उत्तर आधी ठरवा, चुकलं तरी चालेल, मनात नाही तर मोठ्यानं बोलून ठरवा. अंदाज बांधून मग बरोबर उत्तर बघितलं की ते जास्त लक्षात राहतं. आणि दुसरा फायदा असा की चुकीचं उत्तर समोर आलं तर खटकतं.

आपल्याच शहरातलं उदाहरण आहे. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी "नागपुरात ५६ डिग्री" ही बातमी प्रत्येक ग्रुपवर फिरली. तो आकडा कोणी घरी बसून बनवला नव्हता, हवामान खात्याच्याच एका ऑटोमॅटिक स्टेशनवर दिसला होता, म्हणूनच सगळ्यांना खरा वाटला. पण सेन्सर बिघडलेला होता, खात्यानंच तसं नंतर सांगितलं, दुसऱ्या स्टेशनांवर त्या वेळी ४४ च्या आसपास होतं. आता ज्याच्या डोक्यात हे होतं की नागपूरचा रेकॉर्ड २०१३ च्या मे मधला ४७.९ आहे आणि अख्ख्या जगाचा रेकॉर्ड म्हणून अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा १९१३ चा ५६.७ सांगतात, त्याला ५६ वाचल्या वाचल्याच शंका आली असती. जगाच्या रेकॉर्डच्या जवळ आपण एका दुपारीत पोचलो आणि रस्त्यावर तर कालच्यासारखंच ऊन आहे, हे कसं? ही शंका गूगल तुम्हाला देत नाही, ती डोक्यात आधीच असलेल्या आकड्यांतून येते.

त्यामुळे "सगळं मोबाईलवर मिळतं मग पाठ कशाला करायचं" याला माझा ठाम नकार आहे. थोडे आकडे डोक्यातच पाहिजेत. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर, वर्षाचा पाऊस साधारण हजार-अकराशे मिलिमीटर, २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाख, भारताची १२१ कोटी. तुमच्या घराचं महिन्याचं युनिट, तुमचं बीपी, शेती असेल तर एकरी उतारा. आणि पाढे, निदान वीसपर्यंत, कारण "१८ टक्के जीएसटी धरून एवढे झाले" असं दुकानदार म्हणाला की मान हलवायची की थांबवायचं हे त्या दोन सेकंदातच ठरतं.

बंद करा आणि आठवा

ही स्टेप सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कंटाळवाणी, आणि मी सगळ्यात जास्त आग्रह इथंच धरते. काहीही वाचलं किंवा व्हिडिओ बघितला की स्क्रीन बंद करायची आणि जे आठवतं ते लिहायचं किंवा कोणाला तरी सांगायचं, तुटकमुटक आलं तरी, आणि मग उघडून बघायचं की काय सुटलं. बस एवढंच.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर हे करून बघितलं, काहींनी उतारा परत वाचला, काहींनी परत न वाचता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तेव्हा परत वाचणारे पुढं होते. एका आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढं. इथंच आपल्या अभ्यासिकांमधली पोरं फसतात, एमपीएससीचं लेक्चर दुप्पट स्पीडनं बघितलं, पिवळा हायलाइटर मारला, वाटलं झालं, कारण त्या वेळी खरंच सगळं समजल्यासारखं वाटतं आणि ते वाटणं खोटं नसतंही, पण परीक्षा पाच मिनिटांनी नसते ना, ती सहा महिन्यांनी असते. दोन तासांच्या व्हिडिओऐवजी सव्वा तास व्हिडिओ आणि पाऊण तास बंद वहीसमोर बसणं, एवढा बदल करून बघा. पहिले काही दिवस फार जड जातं, काहीच आठवत नाही, रडू येतं पोरांना. ते जड जाणं म्हणजेच अभ्यास चालू आहे.

परत कधी आठवायचं? एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीला झपाट्यानं होतं आणि मग हळू होतं, म्हणून पहिली उजळणी लवकर पाहिजे. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं, असं ढोबळ धरा. अगदी तारखा मोजत बसू नका. घरी लहान मूल असेल तर रात्री जेवताना "आज काय शिकला, मला शिकव" एवढं विचारलं तरी काम होतं, फक्त मध्ये मध्ये दुरुस्त करू नका, त्याला पूर्ण बोलू द्या.

एकाच पानावर बसून राहू नका

झिरो माईल घ्या. नागपूर हे भारताचं मधोमध आहे आणि तो दगड म्हणजे देशाचं सेंटर, हे आपण सगळे लहानपणापासून अभिमानानं सांगतो. सर्च केलं तर हेच सांगणारी ढीगभर पानं निघतील, आणि दहा पानं तेच म्हणतात म्हणजे खरंच असणार असं वाटतं, पण दहाही एकमेकांचं बघून लिहिलेली असू शकतात. बाजूला जाऊन दुसरा प्रश्न विचारा: हा दगड बसवला कोणी आणि कशासाठी? मग कळतं की तिथला १९०७ चा दगड सर्व्हेचा बेंचमार्क आहे, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची मोजायची खूण, आणि त्याची उंची १०२० फुटांच्या थोडी वर आहे. म्हणजे त्या दगडावर उंची आहे, मध्य नाही. आणि "मध्य" म्हणताना कोणता भारत धरलाय, फाळणीच्या आधीचा की आत्ताचा? आत्ताचा नकाशा घेतला तर मध्य प्रदेशातल्या करौंदी गावाचं नाव येतं. यानं आपल्या झिरो माईलचं महत्त्व कमी होत नाही, उलट माझ्या मते तर जास्त इंटरेस्टिंग होतं, कारण मग त्या सर्व्हेची अख्खी गोष्ट उघडते, माणसं दुर्बिणी आणि साखळ्या घेऊन देश कसा मोजत गेली.

स्टॅनफर्डच्या वाइनबर्ग आणि मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यवसायानं फॅक्ट चेक करणारे अशा तिघांना अनोळखी वेबसाइट तपासायला दिल्या होत्या. प्राध्यापक आणि विद्यार्थी त्याच पानावर वरखाली वाचत बसले आणि बरेच फसले. फॅक्ट चेकरनी लगेच नवीन टॅब उघडले आणि ही साइट कोणाची, बाकीचे तिच्याबद्दल काय म्हणतात ते आधी बघितलं. मोबाईलवरही हे जमतं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपमध्येच वाचून ठरवायची नाही, बाहेर यायचं.

एआयला विचारत असाल तरी नियम हाच, आणि जरा जास्तच कडक. ते खरं असो की चूक, सारख्याच आत्मविश्वासानं सांगतं, त्यामुळे बोलण्याच्या टोनवरून काही कळत नाही. आधी आपलं उत्तर लिहा, मग त्याला विचारा "यात काय चुकलं", आणि त्यानं दिलेला आकडा किंवा कायद्याचं कलम मूळ ठिकाणी जाऊन बघा. निबंध त्याच्याकडून लिहून घेतला तर निबंध तयार होतो, लिहिणारा नाही.

ज्यानं हातानं केलंय त्याला विचारा

हे मला काटोलकडच्या एका ओळखीच्या घरी ऐकलेल्या बोलण्यावरून सांगावंसं वाटतं. संत्र्याच्या झाडांना डिंक्या (बुंध्यातून डिंक गळायचा रोग) लागला होता, भाचा कॉलेजात शिकणारा, त्यानं यूट्यूबवर बघून बोर्डोचं, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशक औषधाचं, प्रमाण काढलं होतं.

"मामा, एक किलो मोरचूद, एक किलो चुना अन् दहा लिटर पाणी सांगून राहिले."

"ते बुंध्याले लावाचं हाये बापू, पेस्ट. फवाराले तेवढ्यालेच शंभर लिटर पाणी लागते."

"दोन्हीले बोर्डोच म्हणून राहिले ना पण."

"म्हणतीन. पहिले खिळा बुडवून पाह्य त्याच्यात. लालसर झाला तं अजून चुना टाक."

व्हिडिओतली माहिती खोटी नव्हती. पेस्टचं प्रमाण दहा लिटरचंच आहे आणि ती बुंध्याला जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत लावतात. एक टक्का मिश्रण फवारायचं तर त्याच एक-एक किलोला शंभर लिटर. दहा लिटरवालं फवारलं असतं तर पानांचं काय झालं असतं बघा. खिळ्यावर तांब्याचा थर चढला म्हणजे मोरचूद अजून मोकळं आहे, चुना कमी पडलाय, हे शास्त्रसुद्धा त्या एका वाक्यात आलं. मामांना मोरचुदाचं कॉपर सल्फेट हे नाव माहीत असेल नसेल, पण कोणत्या वेळी कोणती माहिती लागते हे त्यांना पक्कं माहीत होतं. भाच्याकडे शब्द होते, तो क्रम नव्हता. आणि हे पण खरं की भाच्यानंच पुढं नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत फोन लावून रोग कोणत्या बुरशीमुळे येतो, बागेत पाणी साचू द्यायचं नाही ते का, हे विचारलं, जे मामांना कोणी कधी सांगितलं नव्हतं. एकट्या मामाचं पुरलं नसतं, एकट्या यूट्यूबचंही नाही.

म्हणून यादी करा, तुमच्या ओळखीत कोणाला काय हातानं येतं. वायरिंग करणारा, इतवारीत धान्याची पारख करणारा, चाळीस वर्षं बाळंतपणं केलेल्या सिस्टर, सावजी मसाला घरी भाजणाऱ्या काकू. नेटवर वाचून मग त्यांच्याकडे जा, कोऱ्या डोक्यानं नाही, म्हणजे प्रश्न चांगला विचारता येतो आणि त्यांनाही सांगायला हुरूप येतो. "काकू, मसाला जळायच्या आधी कळतं कसं?" हा प्रश्न ज्यानं रेसिपी वाचून एकदा भाजून बघितलंय त्यालाच सुचतो.

आणि काय लक्षात ठेवायचं नाही

सगळंच डोक्यात कोंबा असं म्हणणं नाही माझं. २०११ मध्ये बेट्सी स्पॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की माहिती कॉम्प्युटरमध्ये सेव्ह राहणार असं वाटलं तर लोकांना माहितीपेक्षा ती कुठं ठेवली तेच जास्त लक्षात राहतं. यावरून बरीच ओरड झाली, पण त्या अभ्यासातला एक प्रयोग इतरांनी पुढं परत करून बघितला तर तसा निकाल आला नाही, आणि तसंही "कुठं मिळेल" हे लक्षात असणं काही वाईट नाही, आपली आजीसुद्धा कोणता पंचांगवाला काय सांगेल हे लक्षात ठेवायचीच. तर ट्रेनचा टाइम, पिनकोड, सरकारी फॉर्मची शेवटची तारीख, औषधाचं लांबलचक नाव, हे खुशाल मोबाईलवर सोडा, आणि तारखा तर सोडाच कारण त्या बदलतात, पाठ असलेली जुनी तारीख जास्त घात करते.

फोन नंबरही सोडा, पण सगळे नाही. घरातल्या एकाचा नंबर आणि इमर्जन्सीचा ११२ हे दोन पाठ पाहिजेत, लहान मुलांनासुद्धा, मोबाईल हरवला, बॅटरी गेली की तेच दोन कामाला येतात. आज रात्रीच घरी सगळ्यांना विचारून बघा, न बघता कोणाला किती नंबर सांगता येतात.